द्वादशीची भरती

मी माधवनगरचा. आमच्याकडे गळ टाकायचा म्हणजे कृष्णेचा काठ, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि दुपारभर बसायची तयारी. मरळ लागली तर लागली. अशा सवयीचा माणूस रॉड-रीळ घेऊन रत्नागिरीला गेला, की समुद्र त्याला बनवतो. मला बनवलेच. आंबा घाट उतरून भाट्याच्या खाडीवर चार तास उभा होतो. हाती आला एक शिंगाळा, आणि त्याचा काटा बोटात गेला तो वेगळाच. शेजारी तंगूस गुंडाळत बसलेले एक आजोबा म्हणाले, "आज अष्टमी. भांगाचं पाणी. आलात कशाला?"

नदी एकाच दिशेला जाते. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा आत येते, दोनदा बाहेर जाते, आणि मासा त्या ओढीवरच जेवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ एवढी, की शिसे तळाला ठरत नाही. अष्टमीच्या भांगाला पाणी नुसते हलल्यासारखे करते. मधले दिवस आपले.

वेळ काढायचा कोकणी हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला भरती तीनला, द्वादशीला नऊला, अर्धा तास इकडेतिकडे. मी द्वादशी धरतो. सकाळी सहाला उभे राहावे. पाणी चढते असते, थंडीत जमिनीकडून मतलई वारा येतो, तंगूस सरळ लांब जाते. दुपारी खारे वारे सुटले की फेकलेली कोळंबी पायाशी परत. म्हणून आम्ही एकादशीच्या रात्री निघतो. उपास आणि प्रवास एकदमच उरकतात.

खाडीच्या तोंडाशी मुडदुशी, खडकांच्या कपारीत तांबोशी. पण ज्याच्यासाठी झोपमोड करावी तो जिताडा, दक्षिणेकडे त्यालाच चोणक म्हणतात. त्याला गोडे-खारे मिसळलेले पाणी मानवते. आपल्या कोयनेचे पाणी पोफळीला वीज देऊन वाशिष्ठीत पडते आणि दाभोळच्या खाडीला मिळते. कृष्णामाई पूर्वेच्या समुद्राला गेली, तरी साताऱ्याचे थोडे पाणी पश्चिमेलाही पोचते ते असे.

या जिताड्याची एक गंमत आहे. तो आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे फोटोसाठी उचललेले मोठे धूड बहुधा अंडी घालणारी मादी असते. तिला सोडा. मधल्या आकाराचा मासा खायलाही चांगला लागतो.

आणि खडकावर उभे राहताना पाठीमागची वाट बघून ठेवा. भरतीचे पाणी आधी तिथे भरते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत तुम्हीही कातळावर उतरू नका. कृष्णेचा काठ आहेच, पूर नसेल तर.