पांचवा गडी

लढणाराचें नांव होतें. त्याला जगविणाराचें क्वचितच होतें. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या 'डोटा २' या सांघिक युद्धखेळांतहि हाच न्याय दिसून येतो.

दोन पक्ष, प्रत्येकीं ५ गडी. शत्रूच्या तळांतील मुख्य वास्तु पाडणें हें दोघांचेंहि ध्येय. शत्रूच्या शिपायावर जो अखेरचा घाव घालतो, त्याला सोनें मिळतें. त्या सोन्यानें आयुधें घेतां येतात. परंतु सोनें मर्यादित असतें. पांचांनीं सारखें वाटून घेतल्यास पांचहि दुबळे राहावयाचे! म्हणून एकाला बलिष्ठ करण्याकरितां इतरांना हात आंखडावा लागतो. आणि सर्वांत अधिक आंखडतो तो पांचव्या क्रमांकाचा गडी, म्हणजे साहाय्यक.

साहाय्यक म्हणजे दुय्यम, ही समजूत मात्र चुकीची होय. रणांगणाचा जो भाग स्वपक्षाच्या दृष्टीबाहेर, तो अंधारांत असतो. साहाय्यक तेथें मोक्याच्या जागीं टेहळणीची खूण रोवतो. ती ६ मिनिटें आसपासचा मुलूख दाखविते. शत्रूच्या तशाच खुणा हुडकून मोडणें, घायाळ सोबत्याला सांवरणें, प्रसंगीं स्वतः पडून त्याला निसटूं देणें, हींहि त्याचींच कामें. त्याचें यश बहुधा न घडलेल्या गोष्टींत असतें: न झालेला छापा, न पडलेला सोबती. अशा गोष्टींना टाळ्या कोण वाजविणार? हार झाली, कीं खापर मात्र त्याच्याच माथीं फुटतें.

२०१८ सालीं जागतिक स्पर्धा जवळ आली असतां 'ओजी' संघांतील दोन गडी दुसऱ्या संघांत निघून गेले. योहान सुंडस्टाइन या डॅनिश खेळाडूनें उरलेल्यांची मोट बांधली; संघाचा शिक्षकच गडी म्हणून उतरला. खुल्या पात्रता-फेरींतून वर चढत या संघानें ऑगस्टमध्यें व्हँकुव्हर येथें अंतिम लढत ३-२ अशी जिंकली. २०१९ सालीं शांघाय येथें त्यानें पुन्हां अजिंक्यपद मिळविलें. दोनदां तें मिळविणारा तो पहिलाच संघ. सुंडस्टाइन हा त्याचा कर्णधार, आणि पांचव्या क्रमांकाचा साहाय्यकहि तोच!

त्याग एकेरी झाला तर संघ फुटतो. ज्यानें सोबत्यांचें सोनें घेतलें, त्याच्यावर त्यांचें ऋण चढलें. तें त्यानें पराक्रमानेंच फेडावयाचें असतें. घरांतील मुलगा वा मुलगी "मी साहाय्यक खेळतों," "मी साहाय्यक खेळतें" म्हणून सांगेल, तेव्हां वडील माणसांनीं हंसूं नये. दुसऱ्याच्या विजयांत आपला विजय पाहण्याचें शिक्षण पुष्कळांना फार उशीरां मिळतें.