जुन्या मिनी मोटारीच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ऑगस्ट १९५९ मध्ये बाजारात आणलेल्या मिनी या छोट्या मोटारीची रचना अॅलेक इसिगोनिस यांनी केली. सुमारे दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसे नीट बसावीत यासाठी त्यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स इंजिनाच्या तळाशी तेलाच्या टाकीतच सामावून घेतला आणि इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे न पाठवता थेट पुढच्या चाकांना दिली. त्यामुळे मोटारीच्या मधून जाणारा लांब दांडा नाहीसा झाला, परंतु गाडी पुढे ओढण्याचे आणि तिला वळवण्याचे अशी दोन्ही कामे पुढच्या चाकांकडे आली. डिफरन्शियलपासून, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरच्या जुळणीपासून, चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याला ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. हा दांडा दोन्ही टोकांना वाकू शकला पाहिजे आणि तरीही शक्ती अखंड पोहोचवू शकला पाहिजे, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. जुनी मिनी नव्याने उभी करताना हेच सांधे चुकीचे निवडले गेले, तर बाकी सारे काम कितीही निगुतीने केलेले असले तरी गाडी विश्वासाने रस्त्यावर नेता येत नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत जो क्रॉसचा सांधा (युनिव्हर्सल जॉइंट) वापरतात, तो मिनीच्या ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या, टोकाला का चालत नाही, हे आधी समजून घेणे उपयुक्त ठरते. अशा एकेरी सांध्याचे दोन्ही दांडे एका रेषेत असतील तोवर दोघांचा वेग सारखा राहतो, पण त्यांच्यात कोन पडला की, पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरत असतानाही, दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन ३० अंशांचा असेल तर हा वेग मूळ वेगाच्या ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत खाली-वर होतो, आणि पुढचे चाक पूर्ण वळवताना कोन तेवढा सहज होतो, त्यामुळे चाकाला आणि स्टिअरिंगला सतत हिसके बसतात. या अडचणीवर फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात उपाय शोधला. त्यांच्या सांध्यात वाटीच्या आकाराचे बाहेरचे कवच, त्याच्या आत गोलसर गाभा आणि दोघांमधल्या खाचांत पिंजऱ्याने धरून ठेवलेल्या सहा पोलादी गोळ्या असतात. दोन्ही दांड्यांत कोणताही कोन पडला तरी या गोळ्या त्या कोनाला बरोबर दुभागणाऱ्या प्रतलात राहतात आणि म्हणूनच आत येणारा वेग व बाहेर जाणारा वेग प्रत्येक क्षणी समान राहतो. समान वेगाचा हा सांधा गॅरेजमध्ये सीव्ही जॉइंट या नावाने ओळखला जातो, आणि बर्फील्ड समूहातील हार्डी स्पायसर या कंपनीने तो मिनीसाठी मोठ्या प्रमाणावर पुरवल्यामुळे परवडणारी छोटी मोटार पुढच्या चाकांवर चालवणे सोपे झाले.

मिनीच्या बाहेरच्या टोकाचा सांधा निवडताना पहिला प्रश्न गाडीच्या वर्षाचा किंवा इंजिनाच्या आकाराचा नसून ब्रेकचा आहे, आणि नवख्या माणसाची चूक बहुधा इथेच होते. पुढे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांचा सांधा वेगळा आणि डिस्क ब्रेकच्या बहुसंख्य गाड्यांचा वेगळा, कारण सांध्याच्या कवचातून निघून चाकाच्या हबमधून जाणारा आखूड दांडा, ज्याला स्टब अॅक्सल म्हणतात, त्याची मापे दोन्हींत एक नसतात. यालाही एक अपवाद आहे. मिनीच्या कूपर या १९६१ च्या मूळ आवृत्तीला सात इंची डिस्क होत्या, तरी तिचा सांधा ड्रमच्या गाडीचाच असतो. उलट साडेसात इंची डिस्कची १९६३ पासूनची कूपर एस, मिनीचीच १२७५ जीटी आणि ८.४ इंची डिस्क मिळालेल्या १९८४ पासूनच्या सर्व मिनी, या गाड्यांना डिस्कचा सांधा लागतो. त्यामुळे केवळ 'डिस्कची गाडी आहे' एवढे दुकानदाराला सांगणे पुरेसे होत नाही. शिवाय या मोटारी पन्नास-साठ वर्षांत अनेक हातांतून गेलेल्या असतात. ड्रमच्या गाडीला कोणी नंतर डिस्क बसवलेली असते, तर कुठे दुसऱ्याच गाडीचा संपूर्ण हब लावलेला असतो, म्हणून नोंदणीपुस्तकातील वर्षापेक्षा चाकामागे प्रत्यक्ष काय आहे, तोच पुरावा खरा मानावा लागतो. हबचे नट आवळण्याचा जोरही या निवडीबरोबर बदलतो: ड्रमच्या जुन्या गाड्यांत तो ६० फूट-पौंडांच्या आसपास असतो, तर कूपर एसच्या प्रकारात १५० फूट-पौंडांच्या घरात जातो, आणि तेथे नटाखाली निमुळती कॉलरही बसवावी लागते. ही कॉलर विसरली गेली किंवा नट कमी आवळला गेला, तर नवा सांधासुद्धा हबमध्ये हलू लागतो आणि थोड्याच दिवसांत बेअरिंगही बिघडवतो.

आतल्या टोकाची गोष्ट निराळी आहे. तेथे कोन लहान असतो, परंतु चाक खड्ड्यात उतरले किंवा उंचवट्यावर चढले की डिफरन्शियलपासून हबपर्यंतचे अंतर बदलते, म्हणून या टोकाला वळण्याबरोबर थोडे सरकताही आले पाहिजे. सुरुवातीच्या मिनींत यासाठी रबरी कपलिंग होते: क्रॉसच्या आकाराचा रबरी तुकडा, त्याला धरणारे यू-बोल्ट आणि लांबीचा फरक सोसण्यासाठी स्प्लाइनवर, म्हणजे दांड्यावरील उभ्या दात्यांवर, सरकणारी फ्लँज. ही रचना स्वस्त होती आणि इंजिनाचे धक्के मऊ करीत होती, पण गिअरबॉक्सच्या सीलमधून पाझरणारे तेल हा रबराचा शत्रूच असल्यामुळे रबर फुगते, फाटते, आणि सैल झालेले बोल्ट शेजारच्या गिअरबॉक्सच्या कवचावर आपटू लागतात. ऑटोमॅटिक गाड्यांत आणि काही कूपर एसमध्ये येथे सुईसारख्या रोलर बेअरिंगचा क्रॉसचा सांधा बसवला गेला. १९७३ च्या सुमारास पॉट जॉइंट आला. डब्यासारख्या कवचात गोळ्यांसह सरकणारा हा सांधा ग्रीसने भरलेला व रबरी बुटाने झाकलेला असल्यामुळे सर्वांत टिकाऊ ठरला.

रबरी कपलिंगची गाडी पॉट जॉइंटवर नेण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि रोज चालणाऱ्या मोटारीसाठी तो बदल योग्यही आहे. मात्र फक्त शाफ्ट बदलून तो होत नाही. डिफरन्शियलच्या बाजूने त्याला जुळणारे भागही त्याच्याबरोबर बदलावे लागतात, आणि त्यासाठी इंजिन-गिअरबॉक्स बाहेर काढलेला असणे सोयीचे असते. ज्या गाडीचे मूळ रूप जपायचे आहे, तिथे मात्र रबरी कपलिंगच ठेवावे, कारण नवे रबर, न गळणारे सील आणि वेळोवेळी बोल्टची तपासणी एवढ्यावर ते आपले काम चोख करते.

खरेदीपूर्वी जुना शाफ्ट काढून त्याच्या स्प्लाइनचे दाते मोजावेत, स्टब अॅक्सलची जाडी व लांबी कॅलिपरने मापावी, सर्क्लिपची, म्हणजे सांधा जागीच धरणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची, खाच पाहावी आणि बूट बसण्याची जागा मिळतीजुळती आहे याची खात्री करावी. गाडी पूर्ण वळवून हळू चालवताना टक-टक असा आवाज येत असेल तर गोळ्यांच्या खाचा झिजल्या आहेत. डाव्या व उजव्या सांध्यांची अदलाबदल केल्यास न झिजलेली बाजू भार घेते आणि आवाज काही काळ थांबतो, पण ही तात्पुरती सोय आहे आणि नव्याने उभारलेल्या गाडीत तिला स्थान नाही. नव्या सांध्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले ग्रीसच भरावे. साधे ग्रीस इतका दाब सोसत नाही. फाटलेला बूट तर एक दिवसही तसा ठेवू नये, कारण आत शिरलेली धूळ ग्रीसमध्ये मिसळून पोलाद खरवडते.

महाराष्ट्रातील मेकॅनिकांना या विषयाची ओळख मिनीमुळे झालेली नाही. मुंबईत बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमधली अॅम्बॅसेडर या दोन्ही मागच्या चाकांवर चालत, म्हणून गॅरेजमध्ये क्रॉस बदलणे हेच नित्याचे काम होते. १९८३ च्या अखेरीस पुढच्या चाकांवर चालणारी मारुती ८०० आल्यानंतर सीव्ही जॉइंट आणि फाटका बूट हे शब्द गावोगावी पोहोचले. मारुतीवर हात बसलेल्या कारागिराला मिनीचा सांधा परका वाटत नाही, परंतु मारुतीचा सांधा मिनीत बसवण्याचा प्रयत्न त्याने करू नये. सांध्याची मागणी नोंदवताना गाडीचे वर्ष शेवटी सांगावे. ब्रेकचा प्रकार, आतल्या सांध्याचा प्रकार आणि प्रत्यक्ष मोजलेली मापे आधी द्यावीत.