ब्रेक आधी सांगतो

(वसंत व्याख्यानमालेत शिवडी येथे दिलेले व्याख्यान)



आज आपण एका मोटारीबरोबर पुण्याहून शिवडीला येऊ. रविवारची संध्याकाळ आहे. पुढे आईवडील बसले आहेत, मागे दोन मुले पेंगुळली आहेत. लोणावळा मागे पडला, मोटार बोरघाट उतरली. पुढे अटल सेतू लागला आणि काटा ताशी १०० किलोमीटरवर गेला. खाडी ओलांडून शिवडीच्या बाजूला उतरताना ४० ची पाटी दिसली. खाली आल्यावर रफी अहमद किडवाई मार्गावरची गर्दी, म्हणजे दर पन्नास पावलांवर ब्रेक. घाट, सेतू आणि गर्दी अशा तीन परीक्षा एका संध्याकाळी झाल्या. तिन्ही वेळा झिजला तो तळहातावर मावेल एवढा एक तुकडा, ब्रेक पॅड.

हा तुकडा काय करतो ते आधी पाहू. चाकाबरोबर लोखंडाची चकती फिरत असते, तिला आपण डिस्क म्हणतो. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असते. ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने कॅलिपर नावाचा चिमटा ही पॅडे डिस्कवर आवळतो. मोटारीचा वेग घर्षणाने उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता हवेत जाते. वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे उलगडते.

किती उष्णता? हजार किलोची मोटार १०० वरून ४० वर केवळ ब्रेकने आणली, तर साधारण एक लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. वेग अडीचपट झाला की ब्रेकवरचा भार अडीचपट होत नाही, सव्वासहापट होतो. आता घाट घ्या. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत आपण सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो. हा सगळा उतार नुसत्या ब्रेकवर उतरला, तर बादलीभर पाणी उकळेल एवढी उष्णता चार चाकांतून बाहेर पडावी लागते. म्हणून जुने चालक सांगत आले की ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला मागे ओढते आणि ब्रेक थंड राहतो. पॅड प्रमाणाबाहेर तापले की त्याची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात हवेतली ओल मुरलेली असते, ते लवकर उकळते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. मग पाय खाली जातो आणि गाडी पुढे जाते.

पॅडचा जन्मही एका उतारावर झाला. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेन्झ या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेली मोटार जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन निघाल्या. मोटारीने केलेला तो पहिला लांबचा प्रवास मानतात. वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले. बाईंनी एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे लायनिंग ते हेच. पुढे १८९७ मध्ये हर्बर्ट फ्रूड या इंग्रज गृहस्थाने अशाच घर्षणाच्या वस्तू बनवणारा फेरोडो हा कारखाना काढला. म्हणजे झिजणारा तुकडा ही ब्रेकमधली उणीव नाही, ती मुद्दाम केलेली योजना आहे. पॅड स्वतः झिजते म्हणून डिस्क वाचते आणि आपण वाचतो. मात्र जे झिजण्यासाठीच घातले आहे, ते संपले का हे पाहणारा कोणीतरी हवा.

आपल्याकडे हे पाहणारा कोण? टॅक्सी, ट्रक, बस यांना ठराविक मुदतीने फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते. पीयूसी केंद्रावर धूर तपासतात, ब्रेक तपासत नाहीत. विमा कंपनी कागद पाहते. म्हणजे नवी मोटार घेतल्यापासून १५ वर्षे तुमच्या पॅडची जाडी पाहण्याची सक्ती कायद्याने कोणावरही केलेली नाही. ती जबाबदारी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर, कानांवर आणि पायावर आहे. हेच सांगायला मी आज आलो आहे.

आधी कान. या सभागृहात गिरणी कामगारांची मुले आणि नातवंडे बसली आहेत. साचेखात्यातल्या मागांच्या त्या खडखडाटातही आपल्या साच्याचा आवाज जरा बदलला की कामगाराला कळायचे. तोच कान आपण मोटारीला द्यायचा आहे. पुष्कळ पॅडांवर पत्र्याची एक छोटी जीभ बसवलेली असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरले की ती जीभ डिस्कला लागते आणि बारीक, चिरका आवाज येतो. हा आवाज बिघाडाचा नाही, मुद्दाम ठेवलेल्या इशाऱ्याचा आहे. काही गाड्यांत तो ब्रेक न दाबताही येतो आणि दाबल्यावर थांबतो, म्हणून लोक फसतात. तो कानावर घेऊन महिनोन्‌महिने फिरू नका. त्याच्या पुढची पायरी म्हणजे खरखर, लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड आवाज. तेव्हा पॅड संपलेले असते, मागची पट्टी डिस्क कापत असते. तो आवाज आला की गाडी घरी न्यायची नाही, जवळच्या गॅरेजला न्यायची.

एक आवाज मात्र निरुपद्रवी आहे आणि शिवडीत तो ओळखता आला पाहिजे. इथली हवा खारी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात आणि मग आवाज बंद होतो. बंद झाला तर काळजी नाही, राहिला तर आहे.

ऐकायचे कसे? काचा वर, एसी चालू, गाणी चालू, अशा गाडीत चालकाला काहीच ऐकू येत नाही. आपल्याकडे बंदराच्या गोदामांच्या लांबच लांब भिंती आहेत. आठवड्यातून एकदा, रस्ता मोकळा असताना काच खाली करा, गाणी बंद करा, भिंतीलगत सावकाश जा आणि हलका ब्रेक दाबा. भिंत तुमच्या चाकाचा आवाज तुम्हाला परत देते.

मग डोळे. नव्या पॅडची जाडी साधारण दहा-बारा मिलिमीटर असते. तीन मिलिमीटर उरले की बदलावे. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, जवळजवळ तेवढीच जाडी. अलॉय चाकाच्या फटीतून मोबाइलच्या उजेडात बाहेरचे पॅड दिसते. पत्र्याचे चाक असेल तर ते काढावे लागते. पण बाहेरचे पॅड पाहून थांबू नका, याचा धडा मी स्वतः घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी माझी गाडी सर्व्हिसिंगहून आली. पावतीवर ब्रेक तपासल्याची खूण होती. त्यानंतर माझी मुलगी मागच्या बाकावरून दोन-तीनदा म्हणाली, ‘बाबा, चाकात काहीतरी घासतंय.’ मी म्हटले, आताच तर तपासलेत. घाट उतरून आलो आणि चेंबूरजवळ ती खरखर मलाही ऐकू आली. चाक काढले तेव्हा बाहेरचे पॅड चांगले निम्मे शिल्लक होते. आतल्या बाजूचे मात्र पूर्ण संपले होते आणि डिस्कला बोट अडकेल अशा खाचा पडल्या होत्या. कॅलिपरची पिन गंजून अडकली होती, त्यामुळे एकच बाजू झिजत राहिली. तपासणाऱ्याने बाहेरूनच पाहिले होते. त्या घाटात माझी मुलगी गाडीत होती, हे मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून चाक काढून दोन्ही पॅडे दाखवा असे मी समोर उभा राहून सांगतो. तुम्हीही सांगा. गाडी तुमची आहे, पाहण्याचा हक्क तुमचा आहे.

बॉनेट उघडल्यावर ब्रेक ऑइलची डबीही पाहा. पॅड झिजते तसे डबीतले तेल हळूहळू खाली जाते. पातळी उतरली म्हणून नुसते तेल भरले तर इशाराच पुसला जातो. आधी पॅड पाहा, गळती पाहा, मग तेल. हँडब्रेक सोडलेला असूनही लाल दिवा लागला तर तेल कमी झाल्याची ती सूचना आहे.

आता पाय. ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊ लागले, स्पंजासारखे लागले, दाबताना थरथरले किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर प्रत्येकाचे कारण वेगळे असते. तेलात हवा शिरली असेल, डिस्क एकसारखी राहिली नसेल, एक कॅलिपर अडकला असेल. कारण मेकॅनिक शोधेल, बदल मात्र तुम्हालाच जाणवला पाहिजे. पुष्कळ गाड्यांच्या मागच्या चाकांना डिस्क आणि पॅडऐवजी ड्रम आणि लायनर असतात. हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा जास्त वर येऊ लागला तर लायनरही पाहून घ्या.

पॅड किती किलोमीटर चालते असे मला नेहमी विचारतात. आकडा सांगितला तर तो तुम्हाला फसवील. मोकळ्या महामार्गावर धावणारे आणि लालबाग-परळच्या गर्दीत रांगणारे पॅड यांचे आयुष्य सारखे कसे असेल? दर १०,००० किलोमीटरला पाहा, पावसाळ्यापूर्वी पाहा, घाटात जाण्यापूर्वी पाहा. बदलताना एका बाजूचे नको, पुढच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदला, नाहीतर गाडी ओढते. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते, म्हणून बहुधा पुढची पॅडे आधी संपतात. नवी पॅडे बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, त्यांना डिस्कशी जुळू द्या. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे आणि ती धूळ आधी मेकॅनिकच्या फुफ्फुसात जाते.

एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते चाक जागीच अडकून घसरू देत नाही, संपलेल्या पॅडला पकड देत नाही. पावसाळ्यात हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आलात की सावकाश चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे पॅड आणि लायनर कोरडे होतील. ते होईपर्यंत पुढच्या गाडीपासून लांब राहा.

अपघातानंतर आपण वाचतो, ‘ब्रेक फेल झाला.’ काही वेळा नळी अचानक फुटते, तेही घडते. पण पॅड एका दिवसात संपत नाही. ते आधी कानाला सांगते, मग डबीतल्या तेलाला, मग पायाला, आणि शेवटी रस्त्यावरच्या माणसाला. शिवडीच्या रस्त्यांवर शाळेची मुले चालतात, हातगाडीवाले चालतात, क्षयरोग रुग्णालयात येणारे थकलेले रुग्ण रस्ता ओलांडतात. सेतूवरून उतरणारी प्रत्येक मोटार त्यांच्यामध्ये येऊन थांबायची असते. ती थांबेल असा विश्वास धरून ही माणसे पाऊल पुढे टाकतात.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. उद्या सकाळी गाडी काढताना काच खाली करा आणि पहिल्या वळणापर्यंत नुसते ऐका. या रविवारी चारही चाकांचे पॅड आणि लायनर डोळ्यांनी पाहून घ्या. दोन नाण्यांपेक्षा पॅड पातळ दिसले, तर त्याच दिवशी बदला.