गाडीची पेटी आपणच भरू या
(महिला वाहनचालकांच्या शिबिरातील भाषण)

आपल्यातल्या काही गटांकडे जुना ४०७ टेम्पो आहे. मोर्चाला बायका न्यायच्या, मारहाण झालेल्या बाईचं सामान सासरहून आणायचं, ते त्यातूनच. असा टेम्पो रात्री घाटात बंद पडला तर मदतीला कोण येईल, हे आपल्या हातात नसतं. पेटीत काय आहे, हे मात्र असतं.

पेटी भरताना आधी विचारा : जुनी गाडी कशाने अडते? चाक पंक्चर होतं, पट्टा तुटतो, पाणी गळतं, डिझेलमध्ये हवा शिरते, फ्यूज जातो. म्हणून भरलेल्या गाडीचं वजन पेलणारा जॅक, त्याखाली फळी, व्हीलपाना, त्याच्या दांड्यावर चढवायला लांब पाइप, चाकांना लावायला लाकडी ठोकळे. याच गाडीच्या मापाचा फॅनबेल्ट, होजपाइप, क्लिपा, डिझेल फिल्टर. फ्यूज, बल्ब, टेप, इंजिन ऑइल, पाण्याचे कॅन, टॉर्च, चमकणारा त्रिकोण. स्टेपनीतली हवाही तपासा.

नट बाईच्याने हलत नाहीत, असं ऐकवलं जातं. पाइप लावला की दांडा लांबतो, जोर कमी लागतो. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा, मग जॅक चढवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

फिल्टर बदलून हवा काढता आली नाही, तर नवा फिल्टरही फुकट. म्हणून इथून जाण्याआधी प्रत्येकीने एकदा चाक उतरवून बसवायचं आहे. पेटीच्या झाकणाआत ११२ आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हे नंबर लिहा. मदत जरूर मागू. पण काय बिघडलंय ते सांगून मागू.