चाक फिरताना दिसलं पाहिजे



मी भोसरीत बत्तीस वर्षं गुणवत्ता तपासणीचं काम केलं. सुटा भाग बाहेर पडण्यापूर्वी त्याला गेज लावायचं. बसला तर पुढे, नाही तर बाजूला. असा माणूस कॅमेरा घेताना फसणार नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात मोटारसायकल म्हणजे घरचीच गोष्ट. चाकणच्या बजाज कारखान्यात पल्सर तयार होते, केटीएमच्या ड्यूकही तिथल्याच. घरटी एक जण कुठल्या ना कुठल्या गाडीचा नट आवळत असतो. माझा भाचा गॅरेजात शिकला आणि त्याला मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचं वेड लागलं. २०१८ च्या हिवाळ्यात तो नवशिक्यांच्या गटात पहिल्यांदा उतरणार होता. "मामा, फोटो तुम्हीच काढायचे," म्हणाला. दिवाळीचा बोनस हातात होता. मी दुकानात जाऊन मेगापिक्सेल किती, एवढंच विचारलं आणि चोवीसचा नवा कोरा कॅमेरा, सोबतच्या लहान लेन्ससकट, घरी आणला.

शर्यतीच्या दिवशी दोनशेच्या वर फोटो काढले. काहींत नुसती धूळ. काहींत मागची पत्र्याची शेड झकास स्पष्ट आणि मोटारसायकल गायब. काहींत भाचा मुंगीएवढा. एका फोटोत चौकटीच्या कडेला निम्मं मागचं चाक होतं, तेवढंच काय ते त्याचं. पुढच्याच महिन्यात सरावात पडून त्याचं कॉलरबोन मोडलं. माझ्या बहिणीनं शपथ घातली आणि त्याची शर्यत तिथंच संपली. म्हणजे ते फोटो पुन्हा काढायची सोय राहिली नाही.

मग मी माझ्या जुन्या सवयीनं बसलो. माल रिजेक्ट कुठं झाला? हिशेब साधा आहे. ताशी साठ किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. माझा कॅमेरा सेकंदाला तीन फोटो घेत होता. म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये गाडी साडेपाच मीटर पुढे. गाडीची लांबी दोन मीटर. ती चौकटीत नेमकी सापडणं हा निव्वळ नशिबाचा भाग. सेकंदाला दहा फोटो घेणारा कॅमेरा असता, तर हेच अंतर पावणेदोन मीटरच्या आत आलं असतं. मेगापिक्सेलचा यात काही संबंधच नाही. वर्तमानपत्रात पानभर छापायलाही बारा पुरतात.

दुसरी चूक लेन्सची. प्रेक्षकाला कठड्यामागेच उभं राहावं लागतं, आणि राहावंच. वळणाच्या बाहेरच्या बाजूला तर कधीच नाही, कारण घसरलेली गाडी तिकडेच येते. तेवढ्या लांबून शर्यत टिपायची तर निदान अडीचशे मिलिमीटरची लेन्स हवी. म्हणून माझं मत असं, की पैसे थोडे असतील तर कॅमेरा जुना घ्यावा, पण धावत्या वस्तूवर फोकस धरून ठेवणारा घ्यावा, आणि उरलेले पैसे लेन्सला द्यावेत. दुकानदार नेमकं उलटं सुचवतात.

२०२२ साली मी वापरलेला कॅनन सेव्हन-डी मार्क टू घेतला. २०१४ मध्ये बाजारात आलेला. सेकंदाला दहा फोटो, फोकसचे पासष्ट बिंदू. जोडीला ५५-२५० ची वापरलेलीच लेन्स. या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ती चारशेच्या लेन्सएवढं जवळ आणते. दोन्ही मिळून चाळीस हजारांत बसलं. या लेन्सचा दोषही सांगतो. ती उजेड कमी घेते, त्यामुळे ऊन उतरलं की तिचं काही चालत नाही.

वापरलेली वस्तू घेताना गेज लावायलाच हवं. शटर किती वेळा उडालंय ते विचारा. त्यालाही आयुष्य असतं. लेन्स उजेडात धरून आत बुरशी नाही ना पाहा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. आणि दुकानाच्या दारात उभं राहून समोरून येणाऱ्या दहा दुचाकींचे फोटो काढा. दुकानदार हसेल, हसू द्या.

नवे बिनआरशाचे कॅमेरे याहून हुशार आहेत. पण स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज न करणाऱ्या शटरवर वेगानं जाणारी गाडी तिरकी येते, चाक लंबगोल होतं. फ्रान्समधल्या लार्तीग नावाच्या तरुणानं शंभर वर्षांपूर्वी मोटारींच्या शर्यतीचा एक फोटो काढला, त्यात चाक असंच पुढे कललेलं आहे. तो जगप्रसिद्ध झाला. आपला होईलच असं नाही, तेव्हा साधं शटर वापरावं.

राहिला सराव, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मी मोशीच्या आमच्या गच्चीवरून शिफ्ट सुटल्यावर जाणाऱ्या दुचाकी टिपायचो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं की चाकाचे आरे मोजता येतात, पण गाडी रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते. एकशेपंचवीसाव्या भागावर आणून गाडीबरोबर कंबरेतून वळत गेलं, की माणूस स्पष्ट येतो, मागचं सगळं पुसलं जातं आणि चाक फिरताना दिसतं. पहिले दोन महिने शंभरात दोन फोटो धड यायचे.

खरी शाळा मात्र बैलगाड्याचा घाट. २०१४ पासून बंद असलेल्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं पुन्हा सुरू झाल्या होत्या. खेड तालुक्यात निमगावच्या खंडोबाच्या घाटात मी दिवसभर उभा राहिलो. एक बारी काही सेकंदांत संपते. धूळ मातीच्या ट्रॅकसारखीच, म्हणून लेन्स बदलायची नाही आणि कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी. तिथं मला पहिल्यांदा बैलांचे पाय हवेत मिळाले.

२८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच शर्यत झाली. भाचा आणि मी दोघं गेलो. मोठी लेन्स आत नेऊ देतील की नाही म्हणून कॅमेरा घरीच होता. उडीच्या अगदी वरच्या टोकाला मोटारसायकल क्षणभर थांबल्यासारखी वाटते, प्रत्येक वेळी भाचा माझ्या कानाशी म्हणायचा, "मामा, आत्ता!" माझं बोट रिकाम्या मुठीत दाबलं जायचं.

तो आता चाकणला कामाला आहे. त्याच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून ते निम्मं चाक चिकटवलेलं आहे. मी नंतरचे चांगले फोटो मोठे करून दिले, पण ते तो लावत नाही. ते दुसऱ्यांचे आहेत, म्हणतो.