‘द’ असला तर आणि नसला तर



‘ठरावीक वस्तूच्या आधी द लावा,’ हा नियम शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केला. नियम बरोबर आहे, पण अर्धाच. इंग्रजीत ‘द’ न लावण्यालाही अर्थ असतो, आणि आपण अडखळतो ते तिथेच.

आपण म्हणतो, ‘पाणी म्हणजे जीवन.’ विहिरीवर पहिला घोट घेऊन म्हणतो, ‘पाणी खारट आहे.’ कुठलं पाणी, ते ऐकणारा ओळखतो. इंग्रजी मात्र ते त्याच्यावर सोडत नाही. पहिलं नुसतं ‘वॉटर’, दुसरं ‘द वॉटर’. ‘सोसायटी इज चेंजिंग’ म्हणजे समाज बदलतो आहे. तिथे ‘द सोसायटी’ म्हणालात, की ऐकणारा विचारणार, कुठली? मुंबई-पुण्यात तर त्याला आधी गृहनिर्माण संस्थाच आठवेल!

आता निबंधातली आपली जुनी गाय. ‘द काउ इज अ युजफुल ॲनिमल.’ ही काही कुणाच्या गोठ्यातली गाय नव्हे, ही अख्खी गोजात. एकवचनात ‘द’ लावून जात सांगता येते. अनेकवचनात तसं चालत नाही. ‘काउज’ म्हणजे गाई, कुठल्याही. ‘द काउज’ म्हणजे त्या, आपल्या बोलण्यात आलेल्या.

हा नुसता परीक्षेतल्या मार्कांचा प्रश्न आहे, असं वाटत असेल तर एक दाखला देतो. जून १९६७च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्राएलने सिनाई, गाझा, पूर्व जेरुसलेमसह पश्चिम किनारा आणि गोलान टेकड्या जिंकल्या. २२ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्राएली सैन्याने माघार घ्यावी, असं त्यात आहे. पण इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’ आहे, ‘द टेरिटरीज’ नाही. इस्राएल म्हणतं, सगळे प्रदेश सोडा असं कुठे लिहिलंय? फ्रेंच मसुद्यात मात्र ‘दे तेरितुआर’ आहे, आणि त्याचा अर्थ ‘ते सगळे प्रदेश’ असाही लागतो. शिवाय युद्धाने भूभाग मिळवणं मान्य नाही, हे प्रस्तावनेत आहेच, याकडे अरब देश बोट दाखवतात. मसुदा ब्रिटिशांचा. इंग्रजांना ‘द’ कुठे लावायचा ते कळत नव्हतं, असं तर म्हणता येणार नाही!

सिनाई १९८२पर्यंत इजिप्तला परत मिळालं. उरलेल्या प्रदेशांबद्दल आजही एक बाजू इंग्रजी मसुदा पुढे करते, दुसरी फ्रेंच.