खुनाच्या आरोपीचे वकीलपत्र
(हीरक महोत्सवानिमित्त शाळेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माजी विद्यार्थ्याने आपल्या व्यवसायाविषयी बोलावे, असे मुख्याध्यापकांनी कळविले तेव्हा मी थोडा अडखळलो. डॉक्टर झालेला विद्यार्थी बरे केलेल्या रुग्णांविषयी बोलतो, अभियंता बांधलेल्या पुलांविषयी. मी गेली सव्वीस वर्षे जयपूरला वकिली करतो आणि ज्यांच्यावर खुनाचा आरोप आहे, त्यांची वकीलपत्रे घेतो. माझ्या आईने शेजारीपाजारी हे कधी पुरते सांगितले नाही. "खुन्याला वाचवता तरी कसे?" हा प्रश्न मला तिकडे हिंदीत आणि इकडे मराठीत विचारला जातो.

१३ मे २००८, मंगळवार. जयपूरच्या तटबंदीतल्या जुन्या शहरात संध्याकाळी एकामागून एक स्फोट झाले. चांदपोलच्या हनुमान मंदिरापाशी मंगळवारची गर्दी होती. बॉम्ब सायकलींवर ठेवलेले होते. एकाहत्तर माणसे गेली. त्या रात्री सवाई मानसिंह रुग्णालयाबाहेर जी माणसे उभी होती, त्यांच्यापुढे आरोपीच्या हक्कांविषयी चकार शब्द काढण्याचे धैर्य मला झाले नसते, हे कबूल करतो.

डिसेंबर २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा दिली. २९ मार्च २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर पीठाने, न्या. पंकज भंडारी व न्या. समीर जैन यांनी, चौघांनाही निर्दोष मुक्त केले. सायकली आरोपींनीच विकत घेतल्या, हा सरकार पक्षाचा एक मुख्य दुवा. पण पावत्यांवरचे आणि जप्त सायकलींचे क्रमांक जुळत नव्हते. पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि तपासावर कठोर ताशेरे ओढले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे, न फुटलेल्या एका बॉम्बच्या स्वतंत्र खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्यांत यापूर्वी सुटलेलेही होते. तेव्हा कोण खरा गुन्हेगार, हे मी येथे सांगणार नाही. मी एवढेच विचारतो, की ते क्रमांक ताडून पाहणारा कोणी नसता तर? आमचे गणिताचे सर उत्तर बरोबर असले तरी रीत चुकली की गुण देत नसत. तेव्हा राग येई. आता तीच रीत तपासण्यावर माझे पोट चालते.

काही ठिकाणी वकील संघटना ठरावच करतात, की अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरविले. मात्र वकील मिळणे आणि बचाव होणे यांत अंतर आहे. खांडव्याच्या एका खटल्यात ज्या दिवशी आरोपीला सरकारी खर्चाने वकील नेमून दिला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवडा उलटण्याआधी निकाल लागला. शिक्षा फाशीची! कागद वाचायलाही त्या वकिलाला वेळ मिळाला नसेल. डिसेंबर २०१९ मध्ये न्या. उदय लळीत यांच्या पीठाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालविण्यास सांगितले. फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात न्यायमित्र म्हणून नेमायचा वकील किमान दहा वर्षे अनुभवाचा असावा आणि तयारीसाठी त्याला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असा दंडक घालून दिला. एका माणसाच्या प्राणासाठी सात दिवस! तेही लिहून द्यावे लागले.

आता शाळेची गोष्ट. पुण्यात १९९४ साली एका घरात सात जणांची हत्या झाली. त्यात राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला फाशीची शिक्षा झाली. खटल्यात त्याचे नाव 'नारायण' होते. पुष्कळ वर्षांनी त्याच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज झाला: बिकानेर जिल्ह्यातील जलाबसर या गावच्या सरकारी शाळेच्या नोंदींत याची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ आहे. तेथे नाव निराळे होते. तो हाच, हे पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करून ठरविले. घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. त्या वयाच्या बालगुन्हेगाराला तीन वर्षांहून अधिक काळ कोंडता येत नाही; याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. २७ मार्च २०२३ रोजी, म्हणजे जयपूरच्या त्या निकालाच्या दोनच दिवस आधी, त्याच्या सुटकेचा आदेश झाला. मृतांच्या नातलगांना त्या दिवशी काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. वकिलालाही तो विचार चुकत नाही.

जलाबसरच्या त्या शाळेत नोंद करणाऱ्या गुरुजींना आपण काय लिहीत आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

काल मी आपल्या कार्यालयात गेलो होतो. पहिल्या वर्षापासूनची जनरल रजिस्टरे आहेत, पण जिन्याखालच्या लाकडी मांडणीवर, आणि दोहोंना वाळवी लागली आहे. मुख्याध्यापकांशी बोलून लोखंडी कपाट सांगितले आहे. ते सोमवारी येईल. रजिस्टरे उतरवायला आठवी-नववीतील चार मुले हवी आहेत. नावे लिपिकांकडे द्यावीत.